शेजाऱ्यांवरून ओळख: 'नेस'च्या बोर्डाचा पिन-नकाशा

निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम' हा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल जपानात १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला. १९८५ मध्ये तोच कन्सोल वेगळ्या खोक्यात, 'निन्टेन्डो एन्टरटेनमेंट सिस्टिम' या नावाने अमेरिकेत पोचला. त्याला सगळे 'नेस' म्हणतात. मासायुकी उएमुरा यांच्या तुकडीने रचलेला हा बोर्ड आज उघडून पाहिला तर आश्चर्य वाटतं, कारण त्यावर जेमतेम दहा चिपा आहेत आणि ट्रॅक फक्त वरच्या आणि खालच्या बाजूला आहेत. मधे लपलेला थर नाही. चिपेच्या कुठल्या पिनेचं काम काय, हे स्वतः शोधून काढायला शिकायचं असेल तर याच्याइतका चांगला बोर्ड मला माहीत नाही.

नेसच्या बहुतेक पिनांचे तक्ते आज तयार मिळतात. तरीही पद्धत समजून घ्यायची तर ज्याचं उत्तर पडताळून पाहता येतं अशाच बोर्डावर हात बसवावा.

नकाशा लागतो कशाला

पहिलं कारण दुरुस्ती. गेम सुरू होतो, पण पडद्यावर नुसता करडा रंग. अशा वेळी बिघाड प्रोसेसरचा, रॅमचा की कॅसेटच्या खाचेचा, हे ठरवायला कुठली पिन कुठे जाते ते माहीत हवं. दुसरं कारण बदल: एव्ही आउटपुट काढणं, आवाजाची वेगळी वायर घेणं. तिसरं कारण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पिनांच्या जोडण्या पाहिल्या की यंत्र तसं का वागतं ते कळतं. प्रोग्रॅमरच्या पुस्तकात 'इथे असं होतं' एवढंच लिहिलेलं असतं, त्यामागचं कारण बोर्डावर तांब्यात काढलेलं असतं.

बोर्डावरची मंडळी

दोन मोठ्या, प्रत्येकी ४० पिनांच्या चिपा रिको कंपनीच्या. आरपी२ए०३ हा प्रोसेसर, त्याच्यातच आवाजाचा भाग. आरपी२सी०२ ही चित्र काढणारी चिप, पीपीयू. या दोन्ही खास निन्टेन्डोसाठी बनवलेल्या, त्यामुळे कुठल्या दुकानी कॅटलॉगमध्ये त्यांचा तक्ता नव्हता. १६ पिनांची एक कुलपाची चिपही तशीच खास.

बाकीचा सगळा माल बाजारातला. २ किलोबाइटच्या दोन रॅम (एक प्रोसेसरची, एक चित्राची), ७४एलएस३७३ हा लॅच, ७४एलएस१३९ हा डीकोडर, कंट्रोलर वाचायला दोन ७४एचसी३६८, आणि एक इन्व्हर्टर. यांच्या डेटाशीट चाळीस वर्षांपासून उपलब्ध आहेत. अनोळखी चिपेचा नकाशा काढण्याची सगळी युक्ती यातच आहे. तिच्याकडे थेट पाहू नका, तिच्या ओळखीच्या शेजाऱ्यांकडे पाहा. रॅमची पिन १८ म्हणजे 'चिप सिलेक्ट' हे डेटाशीट सांगते. तिथून निघालेला ट्रॅक ज्या पिनेवर संपतो तिचं काम आपोआप उघड होतं.

पहिली पिन कुठली

चिपेच्या एका टोकाला खाच किंवा ठिपका असतो. खाच वर धरली की डावीकडची सगळ्यात वरची पिन पहिली. तिथून खाली उतरायचं, तळाशी पलीकडे जायचं आणि उजव्या बाजूने वर चढायचं. ४० पिनांच्या चिपेत डावीकडे खाली २०, उजवीकडे खाली २१ आणि उजवीकडे सगळ्यात वर ४०.

बोर्ड उलटा केला की हा क्रम आरशासारखा फिरतो, आणि मीटर लावायचं काम बहुतेक वेळा उलट्या बाजूनेच होतं. म्हणून खालच्या बाजूला प्रत्येक चिपेच्या पिन १ शेजारी बारीक मार्करने खूण करून घ्यावी. पुष्कळ बोर्डांवर पिन १ चा सोल्डरचा ठिपका गोल नसून चौकोनी असतो, तोही पाहून ठेवावा. मला याहून सोयीचं वाटतं ते स्कॅनिंग: दोन्ही बाजू सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयने घ्यायच्या, खालची बाजू संगणकावर आडवी उलटवायची आणि दोन्ही चित्रं एकावर एक ठेवायची. मग निम्मे ट्रॅक नुसत्या डोळ्यांनी सापडतात.

आधी ग्राउंड आणि पाच व्होल्ट

वीज पूर्ण काढून मीटर कंटिन्युइटीवर ठेवावा. एक प्रोब धातूच्या शिल्डला किंवा बोर्डाच्या कडेच्या रुंद तांब्याला टेकवून दुसरा प्रत्येक पिनेवर फिरवावा. जिथे बीप, तिथे ग्राउंड. ७८०५ रेग्युलेटरच्या आउटपुटवरून पाच व्होल्टच्या पिनाही तशाच शोधाव्यात. प्रत्येक चिपेजवळ एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर असतो. त्याची दोन टोकं त्या चिपेच्या वीज आणि ग्राउंडच्या पिनांनाच जातात, म्हणजे तोही एक वाटाड्याच.

नेसच्या दोन्ही मोठ्या चिपांत पिन २० ग्राउंड आणि पिन ४० पाच व्होल्ट निघते. पण गंमत बाकीच्या ग्राउंडवाल्या पिनांत आहे. प्रोसेसरची पिन ३० ग्राउंडला बांधलेली दिसते, ती कारखान्यातल्या चाचणीसाठीची पिन. पीपीयूच्या १४ ते १७ या चार पिनाही ग्राउंडवर. दोन पीपीयू जोडून एकाच्या चित्रावर दुसऱ्याचं चित्र चढवण्याची ती सोय होती, नेसमध्ये कधीच न वापरलेली. 'ग्राउंडवर बांधली आहे' आणि 'ग्राउंडची पिन आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या बीपवरून त्या वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून वहीत जोडणी लिहावी, निष्कर्ष नंतर लिहावा.

अमेरिकेहून आणलेला नेस असेल तर आणखी एक. त्याचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर लावण्यासाठी नाही, आणि तो डीसी नव्हे तर ९ व्होल्ट एसी देतो. एसीचं डीसी करायची सोय आतल्या डब्यात आहे.

रॅम काय सांगते आणि काय सांगत नाही

२ किलोबाइटची २४ पिनांची रॅम, ६११६ च्या जातीची. तिला पत्त्याच्या ११ पिना आणि डेटाच्या ८. रॅम, डीकोडर आणि कॅसेटची खाच या तिन्हींवर मीटर लावत गेलं की प्रोसेसरच्या ४ ते १९ या पिना पत्त्याच्या आहेत आणि २१ ते २८ डेटाच्या, हे लवकरच दिसतं. पत्त्याच्या पिना ए-० पासून ए-१५ पर्यंत चढत्या क्रमाने, डेटाच्या डी-७ पासून डी-० पर्यंत उतरत्या.

पण क्रम रॅमवरून ठरवू नये. रॅमच्या बाबतीत बोर्ड आखणाऱ्याला पूर्ण मोकळीक असते. डी-० च्या जागी डी-५ जोडला तरी जे लिहिलं तेच परत वाचलं जातं, कारण जाताना आणि येताना अदलाबदल एकच. पत्त्याच्या पिनांचंही तसंच. ट्रॅक सोपे जावेत म्हणून अशी उलटापालट बोर्डांवर सर्रास केलेली असते. खरा क्रम कॅसेटमधल्या रॉमवरून ठरतो. तिच्यातला मजकूर कारखान्यात कोरलेला, तिथे डी-० म्हणजे डी-०च असावा लागतो. म्हणून रॅमवरून 'ही डेटाची पिन' एवढंच पक्कं करायचं आणि 'कितवी' हे कॅसेटच्या खाचेवरून.

आता न जोडलेल्या पिनांकडे बघा. प्रोसेसरच्या ए-११ आणि ए-१२ या तारा रॅमपर्यंत येतच नाहीत. रॅमला ८१९२ पत्त्यांचा पट्टा दिलेला, पण जागा २०४८ बाइटचीच, आणि वरच्या दोन तारा कोणी पाहतच नाही. परिणाम असा की तीच रॅम त्या पट्ट्यात चार वेळा दिसते. नेसचे प्रोग्रॅमर याला 'मिररिंग' म्हणतात. आत कुठलंही खास सर्किट नाही, दोन तारा न जोडल्याचा तो परिणाम. पीपीयूकडे तर पत्त्याच्या तीनच तारा जातात, त्याच्या पिन १० ते १२ वर. म्हणून त्याचे आठ रजिस्टर आपल्या ८१९२ पत्त्यांच्या पट्ट्यात १०२४ वेळा येतात.

पट्टे वाटणारी चिप

कुठला पट्टा कोणाला, हे ठरवणारी ७४एलएस१३९ फक्त १६ पिनांची. तिच्यात दोन स्वतंत्र डीकोडर असतात. एकाला प्रोसेसरची ए-१५ आणि एम-२ ही घड्याळाची तार मिळते. ए-१५ चालू असेल तर कॅसेटच्या खाचेकडे 'रॉम वाच' असा इशारा जातो, नसेल तर दुसरा डीकोडर जागा होतो. तो ए-१३ आणि ए-१४ पाहून पहिला पट्टा रॅमला देतो, दुसरा पीपीयूला. पीपीयूची पिन १३ म्हणजे 'चिप सिलेक्ट', हे या ट्रॅकवरूनच सिद्ध होतं. वीसेक मिनिटं मीटर लावून सगळा मेमरी मॅप हातात येतो. बोर्डावर सगळ्यात आधी हीच चिप धरावी असं माझं मत आहे. मोठ्या चिपा तिच्यामागून आपोआप उलगडतात.

आठ पिनांना दोन कामं

पीपीयूच्या ३१ ते ३८ या पिना नवशिक्याला चकवतात. त्या चित्राच्या रॅमच्या डेटा पिनांवरही बीप देतात आणि ७४एलएस३७३ च्या इनपुटवरही. मग त्या डेटाच्या की पत्त्याच्या? दोन्हींच्या. पीपीयूला आपल्या बाजूला १४ पत्त्याच्या आणि ८ डेटाच्या तारा हव्या होत्या, म्हणजे २२ पिना. ४० पिनांत तेवढी जागा नव्हती. म्हणून खालच्या आठ पत्त्यांनी आणि डेटाने त्याच आठ पिना आळीपाळीने वापरायच्या. आधी पत्ता ठेवायचा, पिन ३९ वरून इशारा द्यायचा, की लॅच तो पत्ता धरून ठेवतो. मग त्याच तारांवर डेटा येतो-जातो.

पीपीयूची पिन ३९ आणि लॅचची पिन ११ यांच्यात बीप वाजली की हा सगळा व्यवहार पक्का होतो, कारण डेटाशीटप्रमाणे ३७३ ची पिन ११ हीच 'धरून ठेव' सांगणारी. आठ पिना वाचल्या, एक इशाऱ्यासाठी खर्ची पडली आणि बोर्डावर एक स्वस्त चिप वाढली. त्या काळी हा सौदा फायद्याचा होता.

कॅसेटच्या हाती दिलेल्या दोन तारा

चित्राच्या रॅमची ए-१० ही पिन, म्हणजे पिन १९, शोधायला जा. प्रोसेसरकडे बीप नाही. पीपीयूकडेही नाही. लॅचकडेही नाही. ट्रॅक सरळ कॅसेटच्या खाचेकडे जातो आणि तिथे संपतो. त्याच रॅमची चिप सिलेक्ट पिनही तशीच खाचेत. कॅसेट नसेल तर ही रॅम अर्धवट जोडलेलीच राहते.

कारण असं. चित्राच्या रॅममध्ये दोन पडद्यांपुरती जागा आहे, तर पीपीयू चार पडद्यांचे पत्ते काढू शकतो: डावा-उजवा ठरतो पीपीयूच्या ए-१० वरून, वरचा-खालचा ए-११ वरून. दोन पडदे शेजारी ठेवायचे की एकाखाली एक, हे निन्टेन्डोने कॅसेट बनवणाऱ्यावर सोडलं. 'सुपर मारिओ ब्रदर्स'सारखा आडवा पळणारा गेम असेल तर कॅसेटमध्ये पीपीयूची ए-१० या पिनेला जोडतात. वर-खाली सरकणारा असेल तर ए-११. साध्या कॅसेटच्या बोर्डावर यासाठी 'एच' आणि 'व्ही' असे दोन ठिपके असतात, कारखान्यात त्यांपैकी एकावर सोल्डरचा थेंब टाकला की काम झालं. महागड्या कॅसेटमध्ये हीच तार एका चिपेच्या ताब्यात असते आणि गेम चालू असताना बदलते. पिन कुठेच जात नाही असं दिसलं की घाईने 'रिकामी' लिहू नये, ते या पिनेने शिकवलेलं.

बीपवर कितपत भरवसा ठेवावा

बीपर शून्य ओहमलाच वाजतो असं नाही. काही डझन ओहमपर्यंत बऱ्याच मीटरांचा आवाज येतो, काहींचा त्याहून वर. प्रोसेसरच्या आवाजाच्या दोन पिना, १ आणि २, यांच्यापासून ग्राउंडपर्यंत फक्त १०० ओहमचे रेझिस्टर आहेत. सैल हाताचा मीटर तिथे 'ग्राउंड' म्हणून मोकळा होईल. चोक आणि फेराइट मणी तर सरळच वाजतात. म्हणून संशय आला की आकडा वाचावा. कपॅसिटर असेल तर क्षणभर वाजून थांबतो, त्यावरून तो ओळखू येतो.

उलटंही घडतं. ट्रॅक डोळ्यांना अखंड दिसतो, बीप नाही. जुन्या बोर्डावर ड्राय सोल्डर किंवा केसाएवढी चीर असते. दोन-तीन ठिकाणांहून मोजल्याशिवाय 'जोडणी नाही' असा शेरा मारू नये.

वीज चालू करून

ट्रॅक संपले की उरलेल्या शंका ऑसिलोस्कोपने सोडवायच्या. नेसच्या बोर्डावरचं मुख्य घड्याळ २१.४७७ मेगाहर्ट्झचं. प्रोसेसर त्याला १२ ने भागतो, म्हणून पिन ३१ वर, एम-२ वर, सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ दिसतात. पीपीयू ४ ने भागतो. पीपीयूच्या पिन २१ वर चित्राचा सिग्नल असतो. गेम चालू असताना पीपीयूच्या पिन १९ वर सेकंदाला सुमारे ६० वेळा ठोका येतो. ती तार प्रोसेसरच्या पिन ३३ ला जाते आणि 'पडदा काढून झाला, आता पुढचं कर' असं सांगते.

प्रोसेसरच्या आवाजाच्या पिना नुसत्या कानांनी ओळखता येतात. पिन १ वर चौकोनी लाटांचे दोन सूर, पिन २ वर त्रिकोणी लाट, खरखर आणि साठवलेले आवाज. दोन्ही पुढे एकत्र होऊन इन्व्हर्टरच्या चिपेतून जातात. डिजिटल गेट तिथे चक्क अॅम्प्लिफायर म्हणून राबवलेला आहे.

कंट्रोलरसाठी प्रोसेसरची पिन ३९ 'बटणं टिपून घे' सांगते. मग पिन ३६ चा प्रत्येक ठोका कंट्रोलरच्या आतल्या ४०२१ चिपेतून एक बटण पुढे सरकवतो. पिन ३७ आणि ३८ बोर्डाखालच्या एका जोडपट्टीला जातात. प्लास्टिकच्या झाकणाआड लपलेल्या त्या ४८ पिनांच्या पट्टीसाठी निन्टेन्डोने कधी काही विकलंच नाही.

दोन पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर. पिन ३९ तपासताना प्रोब घसरून ४० ला टेकला की आउटपुटवर थेट पाच व्होल्ट. प्रोबच्या टोकाला फक्त दोन मिलिमीटर उघडं ठेवून बाकी हीट-श्रिंक नळी चढवावी. चिप काढावी लागलीच तर परत लावताना आयसी बेस टाकावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळतो.

कुलपाची चिप आणि कायदा

फॅमिकॉममध्ये नसलेली एक चिप नेसमध्ये आहे. कन्सोलमध्ये 'कुलूप' आणि कॅसेटमध्ये 'किल्ली', दोन्ही एकाच जातीच्या. त्या आपसात आकडे बोलत राहतात, जुळले नाहीत तर कुलूप प्रोसेसरला रिसेट करत बसतं, आणि पडदा लुकलुकतो. मीटर लावला की तिच्या पिन ४ ची जोडणी कळीची निघते: ती वर असेल तर चिप कुलूप, ग्राउंडवर असेल तर किल्ली. पिन ४ बोर्डापासून उचलून ग्राउंडला जोडली की दोन्हीकडे किल्ल्याच, रिसेट करणारं कोणी उरत नाही. हा बदल आज दुरुस्ती करणारे सर्रास करतात.

या कुलपावरून अटारी गेम्स आणि निन्टेन्डो यांचा खटला गाजला. अटारीने कुलपाच्या प्रोग्रॅमची प्रत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटं कारण देऊन मिळवली होती. १९९२ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने निकाल देताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या: चिप उघडून समजून घेणं हे योग्य वापरात बसू शकतं, पण लबाडीने मिळवलेल्या प्रतीला तो आधार नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यातही, कलम ५२ मध्ये, प्रोग्रॅम एकमेकांशी जुळवण्यापुरती माहिती मिळवायला आणि प्रोग्रॅमचं काम निरखून अभ्यासायला मुभा आहे.

आपल्याकडचे 'टीव्ही गेम'

नव्वदच्या दशकात इथल्या घरांत आले ते बहुतांशी क्लोन, फॅमिकॉमच्या ६० पिनांच्या कॅसेटा घेणारे. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचे. पालसाठी बनलेल्या अनेक क्लोनमध्ये तैवानच्या यूएमसी कंपनीच्या यूए६५२७पी आणि यूए६५३८ अशा चिपा असत, पिनांची मांडणी रिकोसारखीच. घड्याळ मात्र वेगळं: २६.६ मेगाहर्ट्झ भागिले १५, म्हणजे प्रोसेसरला सुमारे १.७७. निन्टेन्डोच्या स्वतःच्या पाल प्रोसेसरला १.६६ मिळत. क्लोनवर गेमचं गणित मूळ वेगाच्या जवळ राहतं ते यामुळे.

त्यानंतरच्या स्वस्त क्लोनमध्ये सगळंच एका चिपेत गेलं, आणि ती चिप काळ्या इपॉक्सीच्या गोळ्याखाली. नाव नाही, नंबर नाही, पिन १ ची खाचही नाही. इथे ओळखीचा शेजारी एकच उरतो, कॅसेटची खाच. तिच्या ६० पिनांचा तक्ता माहीत आहे. एकेक पिन धरून गोळ्याच्या कडेपर्यंत यायचं, गोळ्याभोवतीच्या ट्रॅकना एका कोपऱ्यापासून आपणच क्रमांक द्यायचे. पत्ता, डेटा, चित्राची ए-१० सगळं सापडतं. उरलेल्या ट्रॅकमध्ये क्रिस्टल, कंट्रोलर, आवाज, चित्र, वीज. त्यातला क्रिस्टल डोळ्यांनीच दिसतो आणि कंट्रोलरच्या तारा सॉकेटवरून कळतात.

वहीत प्रत्येक पिनेसाठी चार रकाने पुरतात: क्रमांक, कुठे बीप वाजली, किती ओहम, आणि वीज चालू असताना काय दिसलं. पाचवा रकाना नावाचा. तो पेन्सिलीने भरावा.